कान फसला, इनास

शहापूर, बेळगाव
बुधवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय इनास,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. दीड वर्ष झालं, तुझे तीन फोन आले, दोन मी उचलले नाहीत आणि तिसरा उचलून 'गिऱ्हाईक आलंय, नंतर करतो' म्हटलं. गिऱ्हाईक नव्हतं. तब्येत बरी आहे, शुगर आहे तेवढीच आहे, सुमनचा गुडघा पावसाळ्यात दुखतो, बाकी ठीक. आता खरं का लिहायला बसलोय ते ऐक, कारण हे इथं कोणाला सांगून कळत नाही. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, 'मग चांगलंच वाजलं म्हणायचं की, त्यात रडायचं काय?'

गेल्या रविवारी माझा कान फसला.

सुरुवातीपासून सांगतो. आपल्या चर्चमधला माळ्यावरचा पाइप ऑर्गन मी दुरुस्त करायला घेतलाय, सात महिने झाले. तुला कळवलं नाही कारण पुरा वाजला की फोनवर ऐकवायचा आणि मग बोलायचं असं मनात होतं. आंटी गेल्या त्या दिवशी मी खाली शेवटच्या बाकावर बसलो होतो आणि वर त्या पोरानं कीबोर्ड वाजवला, वाईट नाही वाजवला, पण आंटी आयुष्यभर म्हणायच्या ना, 'माझ्या वेळेला वरचं वाजलं पाहिजे रे दत्तू, तू आणि इनास बघा'. तू तर विमानात होतास. मी बघितलं नाही. पेट्या दुरुस्त करून पोट भरणारा माणूस, चाळीस वर्षं त्याच्याखालून जातोय आणि एकदाही वर चढून झाकण उघडून बघितलं नाही. म्हणून फोन उचलत नव्हतो लेका. दुसरं काही नाही.

मग नवीन फादर आले, खानापूरकडचे आहेत, तरुण, मला काका म्हणतात. त्यांना विचारलं, ते म्हणाले बघा तर खरं. वर गेलो. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लेलं, आत घुशीचं बीळ, लाकडाच्या पाइपांवर बोटभर धूळ. पण ६ स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजाच्या पाइपांच्या सहा रांगा, ५४ पट्ट्या, मोजले, ३२४ च्या ३२४ पाइप जागेवर! मधले दोन-चार वाकलेत तेवढंच. पितळी हूक, लाकडाच्या लांब पट्ट्या, सगळं आपल्या वेळेसारखं. पट्टी दाबली की ती लाकडी काडी ओढली जाते आणि पाइपाखालची झडप उघडते, बस्स, एवढंच यंत्र. पेटीत पितळेचा सूर थरथरतो, इथं बहुतेक पाइपात थरथरणारं काहीच नाही, बासरीसारखी हवाच कापली जाते, हे तू मला दहावीत सांगितलेलं आणि मी पैज लावून हरलो होतो, आठवतं? दोन वडापाव.

आणि भात्याच्या दांड्याशेजारी फळीवर आपल्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. प्रत्येक गाण्याला किती हात मारले त्याच्या. तुझ्या नावापुढे ४१ लिहिलंय आणि माझ्या नावापुढे ६८. म्हणजे मी जास्त मारायचो हे लेखी सापडलं, आता वाद मिटला. दोरीला टांगलेला तो शिशाचा गोळासुद्धा आहे, वर-खाली होऊन भात्यात हवा किती राहिली ते दाखवणारा. तू वाजवताना मी त्या गोळ्याकडे बघत हात मारायचो आणि एकदा नाताळात खिडकीतून बाहेर फटाके बघत राहिलो, गोळा पार वर जाऊन टेकला आणि सगळ्या चर्चसमोर तुझा शेवटचा सूर कुत्र्यासारखा केकाटत मेला. आंटींनी मला मारलं नाही, तुला मारलं. त्याबद्दल अजून सॉरी.

तर काम सुरू केलं. कातडं मिळेना. इथल्या चपलेच्या दुकानातलं जाड पडतं, झडप लवकर मिटत नाही. शेवटी कोल्हापुरातून मेंढीचं पातळ आणलं, तेही अर्ध्यालाच पुरलं. सुताराचं काम बसप्पाकडे दिलं, तोच, ज्याच्या बापानं आपल्या नाटकाचा मंच बांधला होता. हात मारायला आता पोरं मिळत नाहीत, म्हणून मोटरचा पंखा लाकडी पेटीत बंद करून मागच्या व्हरांड्यात ठेवला आणि पाइपनं हवा वर आणली. दाब मोजायला पारदर्शक नळी वाकवून त्यात निळी घातलेलं पाणी भरलं, एक टोक हवेच्या पेटीला, दोन्हीकडच्या पाण्यात तीन इंचांचा फरक पडला पाहिजे असा हिशेब धरला. पहिल्या दिवशी मोटर चालू केल्यावर पाणी हळूहळू वर सरकत तीन इंचांच्या फरकावर येऊन थांबलं, जरासं हललं आणि थांबलं, आणि भाता टम्म फुगला. बसप्पानं फळीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'उसुर बिडाकत्तैत्री', श्वास घेतोय. मला बोलायला सुचेना.

आतापर्यंत एक लाकडी स्टॉप पूर्ण वाजतोय, ५४ च्या ५४, तोंडाला बूच मारलेले पाइप, तो मऊ आवाज, तुला आवडायचा तो. बूच मारलं की चार फुटांचा पाइप आठ फुटांचा सूर देतो हे तर तुला माहीत आहेच. आणि धातूच्या मोठ्या स्टॉपचे अर्धे पाइप बोलतात. बाकी चार स्टॉप अजून मुके.

आता मूळ गोष्ट. चर्चच्या एका जुन्या कुटुंबानं, परदेशात असतात, मोठा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन देणगीत द्यायचं कबूल केलंय. छोटा कीबोर्ड नाही बरं, हाताच्या पट्ट्यांच्या तीन ओळी, पायाच्या पट्ट्या ३२, साठ-सत्तर स्टॉप, भिंतीत बसवायचे बारा स्पीकर आणि बासचे दोन वेगळे कपाटाएवढे. दाखवायला बंगळूरहून माणूस गाडी घेऊन आला, चार स्पीकर आणि एक बास त्यानं माळ्यावर पाइपांच्या बाजूलाच ठेवले. कमिटीतले एक जण म्हणाले, दत्तूमामांना खाली बसवा, डोळे मिटायला सांगा, वर दोन्हीवर तेच वाजवू द्या, ओळखा म्हणावं. मी हसत बसलो रे. चाळीस वर्षं सूर लावतोय, टोकाला घासला की चढतो, बुडाला घासला की उतरतो, केसभर फरक मला झोपेत कळतो, मला काय कोण फसवणार.

पहिलं वाजलं. मऊ लाकडी आवाज, सुरुवातीला हवेचा तो छोटा फुस्स, मग सूर. मला एकदम आंटी आठवल्या, डोळे भरून आले, मी हात वर करून म्हटलं, 'हा आपला'. दुसरं वाजलं, तेही तसंच, जरा कोरडं वाटलं, मी म्हटलं, 'हा स्पीकर'.

उलटं होतं.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट. फादरांनी पाणी आणून दिलं.

तुला १९९६ चं भांडण आठवत असेल. तू मस्कतहून कीबोर्ड आणलास आणि नाताळात वाजवणार म्हणालास, मी त्याला डबडं म्हटलं, तू टेबलावर कुंद्याचा डबा आपटलास. तेव्हाच तू मला त्या हॅमंडची गोष्ट सांगितलीस, घड्याळं करणारा लॉरेन्स हॅमंड, १९३५ साली त्यानं ९१ फिरत्या चकत्यांचा ऑर्गन बाजारात आणला, विजेवर, पाइप एकही नाही, आणि अमेरिकेत धडाधड चर्चमध्ये जायला लागला. पाइपवाल्यांनी आरडाओरडा केला, सरकारी व्यापार आयोग मध्ये पडला, याच्या जाहिराती खोट्या आहेत म्हणून, आणि १९३७ ला शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये समोरासमोर परीक्षा झाली. एकीकडे ७५,००० डॉलरचा पाइप ऑर्गन, दुसरीकडे २,६०० डॉलरचा हॅमंड, आणि कान तयार असलेली माणसं बसवली होती तरी कितीतरी वेळा चुकली. शेवटी ऑर्गन हा शब्द वापरायची मुभा त्याला राहिली, पण मोठ्या पाइप ऑर्गनचं सगळं यातून निघतं असं म्हणू नकोस, असा आदेश निघाला. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, 'ते अमेरिकेतले बहिरे असतील'. ते वाक्य आज परत घेतो.

आणि तू त्यावर काय म्हणालास तेही लक्षात आहे. तू म्हणालास, तुझ्या पेटीला तरी कुठं कोण खरं म्हणत होतं? पॅरिसच्या दबँनं केलेलं वाद्य, कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याचं केलं, आणि आकाशवाणीनं १९४० ते १९७१ दाराबाहेर उभं केलं, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत म्हणून. खरंच की. रामभाऊ विजापुरे मास्तरांच्या गावात राहून पेटीला खोटं म्हणणाऱ्याला मी घरात घेतला नसता, आणि तुझ्या कीबोर्डला मात्र डबडं म्हणून उठून गेलो. सकाळी रियाजाला मी स्वतः इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतो, तानपुरे बनवणारं मिरज एवढं जवळ असून. हे तू तेव्हा बोलून दाखवलं नाहीस, तुझा मोठेपणा.

सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि फादरांकडून किल्ली घेऊन एकटाच माळ्यावर गेलो. स्पीकर अजून तिथेच होते, तो माणूस मंगळवारी जाणार होता, त्यानं चांगुलपणानं सगळं चालू करून दिलं, विचारेल ते सांगितलं. पहिली गोष्ट, आता चकत्या-बिकत्या काही नाही, खऱ्या ऑर्गनचा एकेक पाइप रेकॉर्ड करून आत ठेवतात, सुरुवातीच्या फुस्ससकट. म्हणजे मी रविवारी ऐकला तो खरा पाइपच होता, फक्त आपला नाही, युरोपातल्या कुठल्यातरी चर्चमधला. मग मला वाटलं भात्याचं तरी काय करतील, मोठा कॉर्ड धरून खालचा सूर मारला की हवा जराशी बसते ना, तर म्हणाला तेही घालता येतं, इथं बटण आहे. मी दाबून बघितलं. बसते की रे.

मग काय उरलं? दोन तास बसलो आणि चाललो. बसून फरक कळत नाही, माझी शपथ. पण चालताना कळला. आपला लाकडी स्टॉप वाजवायला बसप्पाच्या पोराला बसवलं, सा पासून एकेक पट्टी चढत जा म्हटलं, आणि मी माळ्यावर इकडून तिकडे फिरलो. पहिली पट्टी डावीकडून बोलते, दुसरी उजवीकडून, तिसरी पुन्हा डावीकडून, पाइप तसेच एकाआड एक दोन बाजूंना उभे केलेले असतात ना. सूर चढतो तसा तो उड्या मारत मधोमध येतो. ५४ पाइप म्हणजे ५४ जागा. स्पीकरवर तोच सूर चढवला तर सगळे त्या चार खोक्यांतून येतात, जागा असते, पण चारच. एक मऊ स्टॉप एकटा असला की एवढं पुरतं, म्हणून मी फसलो, मऊ आवाज नक्कल करायला सगळ्यात सोपा. सगळे स्टॉप उघडले की गोष्ट बदलते. शेकडो पाइप आपापल्या जागेवरून हवा हलवतात आणि चर्चच्या हवेत मिसळतात, स्पीकरमध्ये ते आधी तारेत मिसळतं आणि मग एका पडद्यातून बाहेर येतं. पूर्ण उघडल्यावर मला तो आवाज भिंतीवर लावलेल्या चित्रासारखा वाटला. पण आपला पूर्ण कुठं वाजतोय, चार स्टॉप मुके आहेत, म्हणजे मी तुलना कशाशी केली? आठवणीशी. आणि माझ्या आठवणीवर आता माझाच विश्वास राहिलेला नाही.

हेच सतावतंय इनास. ऑर्गन राहू दे बाजूला. माझ्याकडे शिक्षण नाही, जमीन नाही, हा कान आहे. लोक धारवाडहून पेटी घेऊन येतात ते या कानासाठी.

त्याच्या बाजूचं पण सांगतो, नाहीतर तू म्हणशील याचं नेहमीचं. त्या इलेक्ट्रॉनिकमध्ये ३२ फुटी स्टॉप आहे. खरा करायचा तर पाइप छपरातून बाहेर गेला असता, आपल्या चर्चला ती उंचीच नाही. त्यानं तो खालचा सा लावला, सेकंदाला १६ कंपनं, ऐकू येतच नाही, पण बाकाची लाकडं बोलली आणि मागच्या खिडकीची काच थरथरली. मेरी आजी उठून उभ्या राहिल्या. आणि सूर उतरत-चढत नाही. आपला लाकडी स्टॉप जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी सारखा राहत नाही, हवा तापली की पाइप चढतो. आपल्याकडे तर त्यात पाऊस, जूनमध्ये लाकूड फुगलं की तीन झडपा अडकल्याच. तूच सांगितलं होतंस, न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च, २००१ च्या सप्टेंबरात टॉवर पडले त्याची धूळ ऑर्गनमध्ये गेली आणि २००३ ला त्यांनी मोठा डिजिटल बसवला, आणि भलेभले ऐकून गप्प झाले. पण त्याच चर्चनं पुढं परत पाइपचा ऑर्गन करायला दिला, हे तू सांगायचं विसरलास की मुद्दाम नाही सांगितलंस? मला फादरांनी सांगितलं.

आता अडचण अशी की येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे आणि त्यांना माझ्याकडून लेखी मत पाहिजे. काहींचं म्हणणं, नवीन येतोय तर जुना काढून माळा मोकळा करा. धातूचे पाइप कथिल आणि शिशाचे, भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय. किलोवर! फादर माझ्या बाजूचे आहेत, पण तेही म्हणाले, 'काका, तुम्हालाच ओळखता आलं नाही, मग मी लोकांना काय सांगू?' बरोबर आहे त्यांचं. मी तीन कागद लिहिले आणि फाडले. पहिल्यात मी नुसता चिडलो होतो. दुसऱ्यात आत्मा-बित्मा लिहिलं होतं, वाचल्यावर लाज वाटली, कारण रविवारी स्पीकर ऐकून माझेच डोळे भरले होते.

चौथा आत्ता लिहिलाय. त्यात सरळ लिहिलंय की मी डोळे मिटून ओळखू शकलो नाही. नवीन घ्या, रविवारची प्रार्थना, लग्नं, सगळ्याला चालेल, चांगला आहे. पण जुना काढू नका. तो बिघडला तर लाकूड, कातडं आणि सरस लागतो, लाकूड-सरस बेळगावात मिळतं, कातडं बाहेरून आणता येतं, आणि मी गेलो तरी बसप्पाचं पोरगं शिकतंय. नव्याचा बोर्ड वीस वर्षांनी गेला तर त्या बोर्डाचा चिप कोण बनवत असेल माहीत नाही, दुकानात येणारे दहा-बारा वर्षांचे कीबोर्ड मी रोज परत पाठवतोय, पार्ट नाही म्हणून. आणि उरलेले चार स्टॉप बोलते करायला मला एक वर्ष द्या, पैसे फक्त सामानाचे. सगळे वाजले की परत डोळे मिटून बसेन, सगळ्यांसमोर, आणि तेव्हाही नाही ओळखलं तर तेही लिहून देईन.

हे बरोबर लिहिलंय का सांग. पहिलं वाक्य ठेवू का काढू? सुमन म्हणते काढा, स्वतःच्या हातानं कशाला लिहून देता. मला वाटतं ते नसेल तर बाकीचं कोणी का मानावं. तू जर्मनीतल्या पासाउला जाऊन तिथल्या ऑर्गनचे ते १७,९७४ पाइप ऐकलेस, तू तिथं बसून फसला असतास का? खरं सांग, मन राखू नकोस.

तुझं ऑपरेशन नीट झालं ना, लीनानं मेसेज केला होता. पोरीची नोकरी लागली ऐकलं, अभिनंदन सांग तिला, जावई जर्मन असला तरी मांडे खातो म्हणे, मग आपलाच. शहापूरचं तुमचं घर तसंच आहे, भाडेकरू भाडं देतात, गळती मी काढून घेतली, तू काळजी करू नकोस. फ्रान्सिस परत पडला, पण बरा आहे.

एक काम कर. तिकडे ऑर्गनवाले असतील ना जवळपास, त्यांना झडपेचं कातडं कुठलं वापरतात ते विचार आणि पाठवता आलं तर पाठव, दोन चौरस फूट पुरेल, पातळ, एका बाजूनं मखमलीसारखं, बोटानं दाबलं की लगेच वर येणारं. पैसे मी भाड्यातून कापून घेतो. आणि रविवारच्या आत फोन कर, इथल्या सकाळी नऊच्या आधी. उचलणार.

तुझा
दत्तू